बेस प्राइसची माणसं

८ एप्रिल २०२२, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. पंजाब किंग्जकडून खेळणारा अमरावतीचा जितेश शर्मा अकरा चेंडूंत २३ धावा करून बाद झाला. त्याला बाद करणारा गुजरात टायटन्सचा दर्शन नळकांडे हा अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानावर वाढलेला वेगवान गोलंदाज. आयपीएलमधला त्याचा तो पहिलाच सामना होता. पुढच्याच चेंडूवर त्याने वेस्ट इंडीजच्या ओडिन स्मिथलाही परत पाठवलं. पंजाबच्याच ताफ्यात अकोल्याचा अथर्व तायडेही होता. शेवटच्या दोन चेंडूंवर गुजरातच्या राहुल तेवतियाने दोन षटकार मारून सामना फिरवला, म्हणून तो सामना तेवतियाच्या नावावर नोंदला गेला आणि ते योग्यच झालं. पण वऱ्हाडच्या दृष्टीने त्या रात्रीचं महत्त्व वेगळं आहे. दोन महिन्यांपूर्वीच्या लिलावात हे तिघेही एकाच किमतीला विकले गेले होते: २० लाख, म्हणजे त्या वेळची सर्वात खालची बोली.

गेल्या दहा-बारा वर्षांत अकोला आणि अमरावतीतून व्यावसायिक क्रिकेटपटूंची एक पिढी उभी राहिली. ही पिढी ताऱ्यांची नाही. मैदानाबाहेर बसून वाट पाहणारी, एका संघातून सुटली की दुसरा शोधणारी, दुखापतीतून उठून पुन्हा ट्रायलला उभी राहणारी ही माणसं आहेत. वर्तमानपत्रांना दोनच बातम्या कळतात, कोट्यवधीची बोली लागली ही एक आणि अनसोल्ड राहिला ही दुसरी. या दोन बातम्यांच्या मधल्या जागेत खेळावर पोट भरणाऱ्या बहुतेकांचं आयुष्य जातं. त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. या लेखात तो मांडायचा आहे.

सुरुवात पैशापासूनच करू, कारण घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. रणजी करंडकात खेळाडूला पगार नसतो, दिवसाची फी असते. २०२१ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ही फी वाढवली. त्या दरांनुसार प्रथम श्रेणीचे वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्याला ५० हजार आणि त्यापुढच्याला ६० हजार रुपये. राखीव खेळाडूला याच्या निम्मे. साखळीत एका संघाचे सात सामने, प्रत्येक सामना चार दिवसांचा, म्हणजे अठ्ठावीस दिवस. नवा खेळाडू सगळे सामने खेळला तर ११ लाख २० हजार रुपये. बाहेर बसला तर ५ लाख ६० हजार. पंधरा जणांच्या चमूतच नाव नसेल तर शून्य.

ही रक्कम लहान नाही. अकोल्यात किंवा अमरावतीत वर्षाला अकरा लाख म्हणजे बरं उत्पन्न. पण हे उत्पन्न रोजंदारीचं आहे, आणि रोजंदारीत हात मोडला की चूल थांबते. खांदा निखळलेल्या गोलंदाजाला फी मिळत नाही, कारण तो त्या दिवशी मैदानावर नसतो. कर्णधाराला एक फिरकीपटू जास्त हवा वाटला, खेळपट्टी पाहून वेगवान गोलंदाज कमी केला, की त्याचे चार दिवस निम्म्या दरावर येतात. यात खेळाडूची काहीही चूक नसते.

आता याच्या शेजारी आयपीएल ठेवा. २०२२ मधले ते २० लाख म्हणजे रणजीच्या नव्या खेळाडूची पन्नास दिवसांची फी. बाकावर बसून, नेटमध्ये गोलंदाजी करून, एकही सामना न खेळता दोन महिन्यांत रणजीच्या साखळीच्या जवळजवळ दुप्पट. २०२५ पासून किमान बोली ३० लाखांवर गेली, शिवाय खेळलेल्या प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख वेगळे मिळू लागले. एखाद्या तरुणाने रणजीतल्या शतकाऐवजी वीस चेंडूंत चाळीस धावा काढायचा सराव केला, तर त्याला दोष देणारे अनेक ज्येष्ठ मी ऐकले आहेत. त्या टीकेत मला दम वाटत नाही. पैशाची रचना जिकडे ढकलते तिकडे माणूस जातो, आणि ती रचना काही त्या तरुणाने केलेली नाही.

जितेशची वाट पाहिली की हे सगळं एका आयुष्यात दिसतं. २०१३-१४ च्या हंगामात विदर्भाकडून एकदिवसीय पदार्पण. २०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली टी-२० स्पर्धेत ३४३ धावा, त्यात एक शतक. त्या जोरावर २०१६ ला मुंबई इंडियन्सने १० लाखांत घेतलं. दोन हंगाम तो त्या संघात होता. २०१७ ला मुंबईने करंडकही जिंकला, पण जितेशला एकही सामना मिळाला नाही. नंतर चार हंगाम आयपीएल नाही. या काळात विदर्भ सलग दोनदा रणजी विजेता झाला. पण लाल चेंडूच्या संघात यष्टीमागची जागा अक्षय वाडकरने पक्की केली होती, त्यामुळे त्या दोन्ही करंडकांच्या वर्षांत जितेशचं नाव ठळक झालं नाही. वय वाढत होतं. यष्टिरक्षकाची अडचण अशी, की संघात त्याची जागा एकच असते. फलंदाज सहा असतात, गोलंदाज चार-पाच असतात, ग्लोव्हज एकाच्याच हातात.

२०२२ ला पंजाबने घेतलं तेव्हा तो अठ्ठाविशीत होता. पहिल्या हंगामात त्याने २३४ धावा केल्या, दुसऱ्यात ३०९. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेपाळविरुद्ध भारतासाठी पदार्पण. मग २०२५ च्या लिलावात बंगळुरूने ११ कोटींना उचललं. २७ मे २०२५ ला लखनौत २२८ धावांचा पाठलाग करताना त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या, त्या सामन्यात तो कर्णधारही होता. आठवड्याभरात, ३ जूनला अहमदाबादेत बंगळुरूने पहिला करंडक जिंकला. अंतिम सामन्यात जितेशने दहा चेंडूंत २४ धावा काढल्या आणि विजय सहा धावांचा होता. समोर पंजाबच होता, त्याचा आदला संघ. त्याच वर्षी त्याने विदर्भ सोडून देशांतर्गत क्रिकेटसाठी बडोद्याची वाट धरली.

अमरावतीत त्याच्या ११ कोटींची चर्चा खूप झाली, व्हायलाच हवी. मला मात्र २०१८ ते २०२१ ही चार वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या चार वर्षांत लिलावात नाव नाही, रणजी संघात जागा पक्की नाही, आणि तरी हा माणूस खेळत राहिला. हे सोडून द्यावं, नोकरी बघावी, असं सांगणारे आपल्याकडे घरोघरी असतात आणि त्यांचंही चूक नसतं. त्याच जागी थांबलेले असे कितीतरी खेळाडू आहेत ज्यांच्या वाट्याला पाचवं वर्ष आलंच नाही. जितेशचं उदाहरण देऊन पोरांना चिकाटीचे धडे देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दर्शन नळकांडेची वाट वेगळी. २०१९ ला पंजाबने ३० लाखांत घेतलं आणि तीन हंगाम एकही सामना दिला नाही. २० नोव्हेंबर २०२१ ला दिल्लीत मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाच्या डावाचं शेवटचं षटक त्याच्याकडे आलं. त्या षटकात त्याने लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले. जगभरच्या टी-२० क्रिकेटमध्ये फारच थोड्यांना हे जमलं आहे. एरवी शेवटच्या षटकात भराभर धावा निघतात, इथे समोरचा संघ १७६ वर थांबला. तरी विदर्भ चार धावांनी हरला. विजय मिळाला असता तर ते षटक आज लोकांच्या तोंडी असतं. नंतर गुजरात टायटन्स, २०२५ ला दिल्ली कॅपिटल्सकडे ३० लाख. खेळलेले आयपीएल सामने मोजायला हाताची बोटं पुरतात. तरी तो या खेळात टिकून आहे, कारण डावाच्या अखेरीस चेंडू टाकू शकणारा आणि खालच्या क्रमांकावर चार फटके मारू शकणारा माणूस प्रत्येक संघाला बाकावर का होईना हवाच असतो. फिरस्त्या खेळाडूची बाजारातली किंमत याच गोष्टीत आहे. तो संघाच्या योजनेत पहिला नसतो, पण पहिला कोसळला की त्याचंच नाव पुकारलं जातं.

अथर्व तायडेची सुरुवात या तिघांत सर्वात झगझगीत. २०१७-१८ ची कूचबिहार स्पर्धा, एकोणीस वर्षांखालील मुलांची. नागपुरात मध्य प्रदेशविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने ३२० धावा केल्या आणि विदर्भाने करंडक जिंकला. डावखुरा, उंच, सरळ बॅटने खेळणारा. पंजाबकडे २०२२ चा हंगाम बाकावर गेला. २०२३ ला संधी मिळाली तेव्हा मोहालीत लखनौच्या २५७ धावांचा पाठलाग करताना त्याने ३६ चेंडूंत ६६ केल्या. पुढच्याच महिन्यात धरमशाळेला दिल्लीविरुद्ध ५५ धावांवर असताना त्याला बाहेर बोलावण्यात आलं, तो ‘रिटायर्ड आउट’ होऊन परतला. धावगती वाढवायची होती, मागे मोठे फटके मारणारे होते. अर्धशतक करून उभ्या असलेल्या फलंदाजाला गोलंदाजाने बाद न करताच परत यावं लागणं हे टी-२० चं नवं व्याकरण आहे. संघाच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा होता. पण २० लाखांच्या तेवीस वर्षांच्या मुलाने त्या क्षणी नाही म्हणणं शक्य तरी होतं का? पुढच्या कराराचा विचार डोक्यात असणारा खेळाडू अशा वेळी मुकाट चालू लागतो. २०२५ ला हैदराबादने त्याला ३० लाखांना घेतलं.

अकोल्याच्याच आदित्य ठाकरेची गोष्ट थोडक्यात सांगतो. २९ डिसेंबर २०१७ ला इंदूरच्या होळकर मैदानावर रणजीचा अंतिम सामना सुरू झाला. उमेश यादव भारतीय संघाबरोबर होता, आणि आदित्यने प्रथम श्रेणीतलं पदार्पण थेट अंतिम सामन्यात केलं. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय, पहिला करंडक त्या सामन्यात मिळाला, १ जानेवारी २०१८ ला, दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून. काही दिवसांतच वेगवान गोलंदाज इशान पोरेल दुखावला म्हणून आदित्यला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडला बोलावणं आलं. पोरेल बरा झाला आणि पुढचे सामने तोच खेळला. एका महिन्यात इतकं सगळं मिळणं आणि निसटणं, हे या धंद्यात नेहमीचंच आहे. त्यानंतर तो विदर्भासाठी खेळत राहिला. देशाच्या संघात तो गेला नाही, म्हणून त्याची कारकीर्द अपुरी ठरत नाही.

संघ बदलणं हा खेळून जगण्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्याकडे ते अजून थोडं फितुरीसारखं पाहिलं जातं, आणि हा ग्रह आता सोडायला हवा. कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, भारताचे पहिले कसोटी कर्णधार. होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले, आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी तिथे खेळून काढली आणि पन्नाशी उलटल्यावर आंध्रकडून आणि उत्तर प्रदेशकडूनही खेळले. नागपूरचाच प्रशांत वैद्य बंगालकडून खेळला आणि भारतीय संघापर्यंत पोहोचला. म्हणजे ही रीत जुनीच आहे.

विदर्भाचे करंडक तर बाहेरून आलेल्यांच्या खांद्यावरही उभे आहेत. गणेश सतीश कर्नाटकातून आला आणि इथला झाला. पुढे तोही त्रिपुराकडे गेला. वसीम जाफर २०१५ ला मुंबई सोडून आला. दुखापतीने एक हंगाम पूर्ण गेला, आणि तेव्हा विदर्भाने आपल्याला वाऱ्यावर सोडलं नाही याची जाण ठेवून २०१७-१८ मध्ये तो व्यावसायिक मानधन न घेता खेळला. पहिल्या विजेतेपदाची विजयी धाव त्याच्याच बॅटमधून आली. पुढच्या हंगामात, चाळिशीत, त्याने हजारावर धावा केल्या आणि विदर्भाने करंडक राखला. करुण नायर २०२३ ला आला, २०२४-२५ च्या रणजी मोसमात ८६३ धावा करून गेला. अंतिम सामन्यात केरळविरुद्ध त्याच्या ८६ आणि १३५ धावा होत्या. त्याच सामन्यात केरळकडून ७९ धावा करणारा आदित्य सरवटे हा विदर्भाच्या आधीच्या दोन्ही विजयांतला खेळाडू, त्याच वर्षी केरळला गेलेला. नागपूरच्या मैदानावर, ओळखीच्या प्रेक्षकांसमोर, आपल्याच जुन्या सोबत्यांविरुद्ध त्याने तो डाव खेळला. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबानीही त्याच सुमारास महाराष्ट्राच्या संघात गेला.

यामागचं यंत्र साधं आहे. राज्य बदलायचं तर मूळ संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. एका संघात बाहेरचे तीनच खेळाडू घेता येतात. म्हणजे विदर्भाने बाहेरचा एक फलंदाज घेतला की अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळच्या मुलांची एक जागा कमी होते. करंडक मिळतो, पण आतल्या माणसाची वाट आणखी लांबते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझं मत असं, की जाफर आणि सतीश यांनी विदर्भाला जिंकायचं कसं ते शिकवलं आणि तो खर्च वसूल झाला. आज विदर्भाकडे तीन रणजी करंडक आहेत, स्वतःचे गोलंदाज आहेत, दानिश मालेवार आणि हर्ष दुबेसारखी पोरं आहेत. त्यामुळे पुढची प्रत्येक बाहेरची निवड अधिक कडक निकषावर व्हावी.

आणि आतल्यांनी बाहेर जाणं? जितेश बडोद्याला गेला, सरवटे केरळला. मला त्यात कमीपणा दिसत नाही. ज्याला खेळून जगायचं आहे त्याने जिथे सामने मिळतात तिथे जावं.

आपल्या भागाचा प्रश्न त्याआधी सुरू होतो. विदर्भ क्रिकेट संघटनेचं सगळं केंद्र नागपूरला आहे: सिव्हिल लाइन्सचं मैदान, २००८ पासूनचं जामठा, अकादमी, गुजदर लीग, निवड चाचण्या. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशेच्या आसपास. नागपूरचा मुलगा सकाळी दुचाकीवर मैदानात पोहोचतो. अकोल्याच्या पंधरा वर्षांच्या पोराला त्यासाठी रात्रीची गाडी, किटबॅग दाराशी टाकून अर्धवट झोप, नातेवाईकाकडे मुक्काम आणि शाळेचे दोन दिवस एवढं लागतं. अमरावतीजवळच्या बडनेरा स्थानकावर पहाटे खांद्यावर बॅगा घेतलेली पोरं आणि सोबत एखादा बाप दिसतो, तो खर्च कुठल्याही आकडेवारीत येत नाही. अकोला क्रिकेट क्लबने इतक्या अंतरावरून लागोपाठ खेळाडू विदर्भाच्या संघात पोहोचवले, हे मोठं काम आहे. जिथे एक मैदान रोज उघडं राहिलं आणि शिकवणारी माणसं वर्षानुवर्षं टिकली तिथून खेळाडू निघाले. वाशीम-बुलडाण्यात तसं मैदान नाही म्हणून तिथून नावं कमी येतात. यात रक्तातल्या गुणांचा संबंध नाही.

सर्वात मोठी गळती तेवीस वर्षांवर होते. सोळा, एकोणीस, तेवीस असे वयोगटांचे जिने आहेत. एकोणीस वर्षांखालील खेळाडूला दिवसाला २० हजार, तेवीस वर्षांखालील कर्नल नायडू करंडकात २५ हजार. चोवीसावं लागलं की जिना संपतो. पुढे रणजीचा चमू आणि त्यात पंधरा जागा. तिथे नाव नसेल तर काल २५ हजार रोज मिळवणारा मुलगा आज काहीच मिळवत नाही. पदवी बहुधा अर्धवट, कारण परीक्षा आणि सामने एकाच महिन्यात आले. मागच्या पिढीला बँका, रेल्वे, महालेखापाल कार्यालय यांचा आधार होता. क्रिकेटपटू म्हणून नोकरी लागायची, सुट्टी मिळायची, निवृत्तीनंतर पगार चालू राहायचा. उमेश यादव भारताकडून खेळून नाव कमावल्यावर २०१७ ला रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात रुजू झाला. साध्या रणजीपटूला मात्र हे दार आता पूर्वीइतकं उघडं नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठीचं प्रमाणपत्र, पडताळणी आणि भरतीची वाट पाहण्यात वय निघून जातं.

इथे अमरावतीकडे स्वतःची एक जुनी ताकद आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली. पण मंडळाचं त्याहून मोठं काम म्हणजे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय. खेळ संपल्यावर खेळाडूने काय करायचं, याचं एक उत्तर या शहराने फार आधी शोधलं होतं: शिकवायचं. गावोगावच्या शाळांत क्रीडाशिक्षक म्हणून गेलेली माणसं तिथून निघाली. आज शाळांतून क्रीडाशिक्षकांची पदं रिकामी पडतात, आणि दुसऱ्या बाजूला रणजीपर्यंत खेळलेला तिशीतला माणूस खाजगी अकादमीत महिन्यावर काम शोधतो. ही दोन टोकं जोडायला फार मोठं धोरण लागत नाही.

मुलींची बाजू आणखी कठीण. अमरावतीची भारती फुलमाळी मार्च २०१९ मध्ये गुवाहाटीला इंग्लंडविरुद्ध भारताकडून खेळली. दोन सामने झाले आणि संघाबाहेर गेली. पुढची कितीतरी वर्षं ती विदर्भासाठी खेळत राहिली, तेव्हा महिला प्रीमियर लीग नव्हती आणि देशांतर्गत सामन्याची फी पुरुषांच्या तुलनेत किरकोळ होती. १० मार्च २०२५ ला गुजरात जायंट्सकडून खेळताना तिने ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध २५ चेंडूंत ६१ धावा केल्या, तेव्हा अनेकांना तिचं नाव नव्याने कळलं. पदार्पणापासून तिथवर सहा वर्षं. २०२५ च्या अखेरीस क्रिकेट मंडळाने महिलांची फी २० हजारांवरून दिवसाला ५० हजारांवर नेली. हे पाऊल खूप उशिरा पडलं. आधीच्या पिढीतल्या किती मुलींनी दरम्यान लग्न, नोकरी किंवा घरच्या दबावापुढे बॅट ठेवली असेल, त्यांची यादी कुणाकडे नाही.

लिलावावर विसंबून आयुष्याची आखणी करता येत नाही, याचा पुरावा हवा असेल तर यवतमाळचा शुभम दुबे बघा. २०२४ च्या हंगामासाठी राजस्थानने त्याला ५ कोटी ८० लाखांना घेतलं, तेव्हा तो एकोणतिशीत होता. पुढच्याच वर्षी त्याच संघाने त्याला ८० लाखांत घेतलं. बारा महिन्यांत त्याच्या खेळात सातपट फरक पडला नव्हता. बाजाराची गरज तेवढी बदलली होती.

जगात इतरत्र हा प्रश्न कसा हाताळतात? अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग हे उत्तम उदाहरण आहे, कारण तिथली क्रूरता आपल्यापेक्षा उघड आहे. बत्तीस संघ. उन्हाळ्याच्या सरावाला प्रत्येक संघात नव्वद खेळाडू असतात आणि ऑगस्टच्या अखेरीस एका झटक्यात त्रेपन्न उरतात. बाकीचे त्याच दिवशी संघाबाहेर. बरेचसे करार पूर्ण हमीचे नसतात, दुखापत झाली की पुढचं वर्ष जातं. जॉश जॉन्सन नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, २००८ पासून चौदा वेगवेगळ्या संघांत राहिला, बहुतेक वेळ राखीव म्हणून. हार्वर्डमध्ये शिकलेला रायन फिट्झपॅट्रिक नऊ संघांकडून खेळला, नवांच्या नवांकडून तो सुरुवातीच्या खेळाडूंत उतरला, आणि सतरा हंगामांत बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तरी तिकडे अशा माणसांचा मान असतो, कारण नवा संघ, नवी योजना, आठवड्याभरात शिकून रविवारी उभं राहायचं, हे कौशल्य मानलं जातं.

पण घ्यायचं ते त्यांच्या व्यवस्थेतून. त्या खेळाडूंची १९५६ पासून संघटना आहे. तिने मालकांशी भांडून काही गोष्टी लिहून घेतल्या: किमान पगार, राखीव सराव चमूतल्या खेळाडूंना ठरलेला आठवड्याचा पगार, आणि तीन हंगाम पूर्ण केलेल्याला निवृत्तिवेतनाचा हक्क. चौदा संघ फिरलेला माणूसही म्हातारपणी रिकाम्या हाताने राहत नाही. आपल्याकडे २०१९ ला भारतीय क्रिकेटपटूंची संघटना झाली, पण ती निवृत्तांची. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीने मंडळासमोर बसणारं कुणी नाही. मंडळाने २०२२ ला जुन्या रणजीपटूंचं निवृत्तिवेतन वाढवलं, त्याचा लाभ २००३-०४ पूर्वी निवृत्त झालेल्यांना. आजच्या जितेश, दर्शन, अथर्व, आदित्य यांच्या पिढीने आज जे मिळेल त्यातूनच उद्याची सोय करायची आहे. जगातलं सर्वात श्रीमंत क्रिकेट मंडळ असलेल्या देशात हे शोभत नाही.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. रणजीच्या संभाव्य तीस खेळाडूंशी प्रत्येक राज्य संघटनेने वर्षाचा लेखी करार करावा. त्यात सामन्याच्या फीखेरीज ठरावीक रक्कम असावी. हंगामात दुखावलेल्याला बरा होईपर्यंत किमान राखीव खेळाडूची फी मिळावी, उपचार संघटनेच्या खर्चाने व्हावेत. अकोला आणि अमरावती या दोन्ही ठिकाणी वयोगटांच्या निवड चाचण्या दरवर्षी व्हाव्यात. पंधरा वर्षांच्या पोराने नागपूरला जाऊन स्वतःला दाखवायचं हे उलटं आहे, निवड समितीने यावं. तेवीस ओलांडलेल्या खेळाडूला अमरावतीत शारीरिक शिक्षणाची पदवी घेण्यासाठी संघटनेने शिष्यवृत्ती द्यावी.

आणि आईबापांना विनंती. पोरगं खेळतंय तर खेळू द्या, पण बारावी आणि पदवीचे पेपर चुकवू देऊ नका. पहिला करार झाला की त्यातली निम्मी रक्कम त्याच्याच नावे मुदत ठेवीत टाका, गाडी नंतर घ्या. लिलावात नाव आलं नाही तर घरात सुतक पाळू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी नेट असतं, त्याला तिथे सोडून या.